हरभऱ्याची रात्र आणि विहिरीवरचा मोडेम

डिसेंबरात रिसोड तालुक्यात, पैनगंगेच्या काठानं, हरभऱ्याचं ओलित चालू असतं. शेतीपंपांची वीज पाळीपाळीनं येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी लागली की अंधार, हाडं गोठवणारी थंडी, पायाखाली साप आणि वावरात रानडुकरं. मोटर चालू करायला आणि बंद करायला माणसाला तरीही जावंच लागतं.

पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांनी आपल्या आजोबांची अशीच पायपीट पाहिली होती. त्यातून 'नॅनो गणेश' हे फोनवरून पंप चालवणारं यंत्र उभं राहिलं आणि 2009 साली नोकियाच्या स्पर्धेत त्याला पुरस्कारही मिळाला. आता मोबाईल स्टार्टर अनेक कंपन्यांचे मिळतात. पेटीत सिमकार्डाचा मोडेम असतो आणि त्याला हुकूम देणारी छोटी चिप. दोघांची बोली 1981 च्या हेज कंपनीच्या टेलिफोन मोडेमवरून आलेली आहे: 'एटी' या दोन अक्षरांनी सुरू होणारी आज्ञा, आणि शेवटी 'ओके' किंवा 'एरर'. या साध्या बोलीत दोन अवघड जागा आहेत, झोप आणि रद्द करणं.

लाईन गेली की पेटी बॅटरीवर येते, म्हणून मोडेमला झोपवावं लागतं. झोपलेल्या माणसाला हाक मारली की पहिली हाक त्याला फक्त जागं करते, शब्द त्याच्या कानात शिरत नाहीत. सिम800 सारख्या मोडेमचंही तसंच आहे: आपोआप झोपेच्या पद्धतीत पहिलं अक्षर त्याला उठवण्यात खर्च होतं. म्हणून आधी एक अक्षर पाठवायचं, साधारण 100 मिलिसेकंद थांबायचं, मग खरी आज्ञा द्यायची. उलट दिशेनं संदेश आला की मोडेम 'रिंग'ची तार सुमारे 120 मिलिसेकंद खाली ओढतो. चिपनं ती खूण त्या क्षणीच टिपायला हवी. अधूनमधून डोकावून पाहणाऱ्या चिपची ती हुकते आणि शेतकऱ्याचा 'बंद' हा संदेश तसाच पडून राहतो.

सौरपट्टीवर चालणाऱ्या हवामान केंद्रांनाही झोपेचा आणि जागेपणाचा हाच हिशेब करावा लागतो. 2017 मध्ये सुरू झालेल्या महावेध प्रकल्पात महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रं बसली. मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते. सोयाबीन पाण्याखाली गेलेल्या शेतकऱ्यासाठी त्या नोंदीचं मोल किती, हे सांगायला नको.

खरा घोळ रद्द करण्यात होतो. मानोऱ्याकडच्या डोंगराळ भागात सिग्नल अडखळला की चिप मोडेमला आसपासची सगळी नेटवर्क शोधायला सांगते. हा शोध काही मिनिटं चालू शकतो. मधेच विहीर आटली आणि मोटर कोरडी फिरू लागली, तर शेतकऱ्याला तातडीनं कळवायला हवं, म्हणजे शोध थांबवायला हवा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या व्ही.250 या मानकानुसार, जी आज्ञा मधेच थांबवता येते ती थांबवायला एक अक्षर पुरतं. मात्र आज्ञेनंतरच्या पहिल्या 125 मिलिसेकंदांत आलेलं अक्षर मोडेमनं सोडून द्यायचं असतं, नाहीतर ओळ संपवताना मागून येणाऱ्या चिन्हानंच आज्ञा रद्द झाली असती. उतावीळ चिप इथे चुकते. ती थेट नवी आज्ञा पाठवते. तिचं पहिलं अक्षर रद्द करण्यात जातं, उरलेली आज्ञा अर्धवट पोचते, आणि जुन्या आज्ञेचं उशिरा आलेलं उत्तर नवीचं समजलं जातं. एक अक्षर पाठवावं, जुन्या आज्ञेचं अखेरचं उत्तर येईपर्यंत थांबावं, मगच पुढचं बोलावं.

संदेश पाठवताना चूक याहून महाग पडते. नंबर दिला की मोडेम '>' चिन्ह दाखवून मजकुराची वाट पाहतो. कंट्रोल-झेडनं संदेश जातो, एस्केपनं रद्द होतो. नेमकी त्याच क्षणी चिप अडखळून पुन्हा सुरू झाली, तर तिच्या पुढच्या सगळ्या आज्ञा मोडेम मजकूर म्हणूनच गिळत जातो. म्हणून चांगली पेटी सुरू होताच आधी एस्केप पाठवते. त्यातही सापळा आहे: एस्केपनंतर अनेक मोडेम 'ओके'च म्हणतात. संदेश खरोखर गेला असेल तर त्या 'ओके'च्या आधी संदेशाचा क्रमांक येतो. नुसत्या 'ओके'वर भरवसा ठेवणारी पेटी न गेलेला संदेश गेला म्हणून नोंदवते.

मोटरचंही असंच. 'बंद झाली' हा निरोप हुकूम दिल्यावर नाही, वायरीतला प्रवाह खरोखर थांबल्याचं मोजल्यावरच जायला हवा. पेटी बनवणाऱ्यांनी एवढं तरी करावं, कारण तो निरोप वाचून माणूस निवांत झोपतो.

वाशीम, कारंजा, मंगरूळपीर, कुठूनही स्टार्टर घ्या, दुकानदारासमोर एकदा तपासून घ्या. पेटीची लाईन काढा, बराच वेळ तशीच राहू द्या, मग फोन लावून ती उठते का ते पाहा. त्यानंतर 'चालू' पाठवून लगेच 'बंद' पाठवा आणि आलेला निरोप मोटरच्या खऱ्या स्थितीशी ताडून बघा. जुळला नाही तर ती पेटी घेऊ नका.