गळ्यात राहिलेली गाणी

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी घरोघर जाण्याचा आमचा नेम आहे. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत आमच्या सेवेची बरीच वर्षे गेली. घराच्या कोपऱ्यात टाकलेल्या खाटा आम्ही पाहिल्या त्या या नेमामुळेच. खाटेवरच्या माणसाला औषध वेळेवर मिळते, भाकरी कुस्करून मिळते, अंगावर पांघरूण असते. परंतु त्याच्याशी कोणी फारसे बोलत नाही, आणि हळूहळू तेही बोलेनासे होते.

लातूर जिल्ह्यातील अशाच एका आजीबाई आम्हाला आठवतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गावोगावच्या गणेश विसर्जनाच्या मिरवणुका आटोपून माणसे नुकतीच निजली असताना, किल्लारीच्या भूकंपाने दगडमातीची घरे जमीनदोस्त केली. आजींचे घर आणि त्यांचे जाते त्या ढिगाऱ्याखाली गेले. पुढे पुनर्वसनाच्या गावात पक्के घर मिळाले, पिठाची गिरणी आली. जाते पुन्हा कोणी मांडले नाही. अलीकडे त्यांची स्मृती पार गेली होती. मुलाला त्या ओळखत नसत. दिवेलागणीला घाबऱ्याघुबऱ्या होत, ताट दूर सारीत. आम्ही जात होतो, प्रार्थना म्हणत होतो, आणि पुढच्या घरी निघत होतो.

एका शुक्रवारी त्यांची लेक माहेरी आली होती. सुपात ज्वारी पाखडता पाखडता तिने सहज एक ओवी गुणगुणली. पहिली ओळ संपली, आणि दुसरी ओळ खाटेवरून आली! पाठोपाठ आजींनी आपण होऊन आणखी दोन ओव्या म्हटल्या. मुलगा दारातच खिळला. "माय बोलली, फादर!" एवढेच तो म्हणाला. आम्ही घाईने उठू लागलो, तशा आजी आमच्याकडे पाहून म्हणाल्या, "दळण सरल्याबिगर उठू नका." आम्ही खाली बसलो.

हा चमत्कार नव्हे. दुसऱ्या दिवशीही त्यांना मुलाचे नाव आठवले नाही. परंतु लेकीने आपल्या आवाजातील ओव्या मोबाइलवर उतरवून ठेवल्या. सायंकाळी त्या लावल्या की आजी चार घास खाऊ लागल्या.

असे का व्हावे, याचा आम्ही शोध घेतला. दीर्घ परिचयाच्या गाण्यांची स्मृती मेंदूच्या ज्या भागांशी निगडित आहे, ते भाग अल्झायमरच्या विकारात इतरांच्या मानाने बराच काळ सुरक्षित राहतात, असे २०१५ साली युरोपातील संशोधकांनी दाखविले. त्याआधी २००८ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे पक्षाघाताच्या ६० रुग्णांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यातील ज्यांनी दोन महिने रोज आपल्या आवडीचे संगीत ऐकले, त्यांची शब्दस्मृती व एकाग्रता इतरांपेक्षा अधिक सुधारली आणि खिन्नता कमी राहिली. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवरील अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावाही हेच सांगतो की, संगीताने उदासीनता बहुधा कमी होते. मात्र अस्वस्थपणा हमखास शमतो असे त्यातून दिसत नाही. संगीत हे औषधाच्या जागी नाही. औषधाच्या सोबतीला आहे.

नांदेडला एक निवृत्त शिक्षक आमच्या परिचयाचे होते. पक्षाघाताने त्यांची वाचा गेली होती. पाणी हवे, हेदेखील सांगता येत नसे. परंतु रेडिओवर जुने नाट्यगीत लागले की ते शब्दांसह गात. बोलणे बहुतांशी मेंदूच्या डाव्या बाजूवर अवलंबून असते. गाण्याला उजव्या बाजूचाही आधार मिळतो. म्हणून वाचा गेलेला माणूस कधी कधी गाऊ शकतो. त्यांच्या पत्नी आम्हाला म्हणाल्या, "फादर, त्यांचा आवाज ऐकायला मिळतो, हेच पुष्कळ आहे."

आता आमच्या स्वतःच्या चुकीविषयी. धर्मग्रामातील तरुणांच्या आग्रहाखातर आम्ही मिस्सात कीबोर्ड आणला, नव्या चाली आणल्या. पेटी, ढोलकी आणि टाळ सामानाच्या खोलीत गेले. मागच्या बाकांवरची वृद्ध मंडळी गाईनाशी झाली, तेव्हा वयामुळे आवाज बसला असेल, अशी आम्ही आमची समजूत घातली. वास्तविक दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेचा आदर करण्यास सांगितले आहे. त्यानंतरच्या वर्षांत मिस्सा मराठीतून होऊ लागली. तेव्हा जे ऐन उमेदीत होते, ते आज सत्तरी-ऐंशीत आहेत. माणसाच्या मनात तारुण्यातील गाणीच सर्वांत खोल रुजतात. आम्ही नेमकी तीच त्यांच्यापासून हिरावून घेतली होती. आजींच्या घरून परतल्यावर पुढच्याच रविवारी ढोलकी बाहेर काढली. काठी टेकीत येणारी माणसे त्या दिवशी मान वर करून गायली. आम्ही वेदीवरून पाहत होतो आणि मनात शरमत होतो.

वाचकहो, आपल्या घरी वृद्ध मंडळी असतील तर प्रथम त्यांना विचारा, "तुमच्या तरुणपणी काय गात होता?" कुणाची ओवी असेल, कुणाचे भजन, कुणाचे सिनेमातील गीत. त्यांना सांगता येत नसेल तर त्यांच्या बहिणीला, लेकीला विचारा. हेमा राईरकर व गी पॉयट्व्हँ यांनी खेडोपाडी फिरून, मराठवाड्यातही, जात्यावरच्या ओव्या जमविल्या; लाखाहून अधिक ओव्यांचा तो ठेवा आज 'पारी' या संग्रहात सर्वांना खुला आहे. रोज सायंकाळी अर्धा तास पुरे. दिवसभर टीव्ही चालू ठेवणे म्हणजे संगीत नव्हे. आवाज बेताचा ठेवा. साठीपुढील चारांतील एकाहून अधिकांना श्रवणदोषाचा त्रास असतो. तो आवाज वाढवून दूर होत नाही, कान तपासून घ्या. एखाद्या गाण्याने डोळे भरून आले आणि चेहरा कष्टी झाला, तर ते थांबवा. आणि गाणे लावून उठून जाऊ नका.

दावीद राजपुत्र नव्हता, मेंढपाळ होता. त्याच्या वीणेने शौल राजाला आराम पडत असे, असे पवित्र शास्त्र सांगते. पण दावीद वीणा ठेवून निघून गेला नाही, राजाजवळ बसून राहिला. आम्हीही आता पहिल्या शुक्रवारी घरे थोडी कमी घेतो. जिथे जातो, तिथे दळण सरेपर्यंत बसतो.