कर्नलच्या आत काय, बाहेर काय

आमच्या आंबेगाव-जुन्नरकडे शेतीची थ्री-फेज वीज पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. महाळुंगे पडवळच्या शिवारात मोटारीच्या पेटीशेजारी लिनक्सचा बोर्ड बसवायचा, तर वीज आली की तो आपला आपण उठला पाहिजे. रात्री दोनला कीबोर्ड घेऊन बांधावर कोण जाणार? म्हणून बोर्ड तयार करताना माझा सर्वांत जास्त वेळ एकाच प्रश्नावर जातो: कोणता ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्येच बांधायचा आणि कोणता मॉड्यूल म्हणून बाहेर ठेवायचा?

बांधलेला ड्रायव्हर कर्नलच्याच फाइलीत असतो. बूटलोडर ती मेमरीत आणतो तेव्हा तोही येतो. मॉड्यूल ही वेगळी फाइल. ती बोर्डाच्या मेमरी कार्डावर पडून असते आणि गरजेला कर्नलमध्ये भरली जाते. पण कार्ड वाचणारा ड्रायव्हरच मॉड्यूल केला, तर पेटीची किल्ली पेटीतच राहिली. रूट फाइलसिस्टम सापडत नाही म्हणून कर्नल पॅनिक होतो आणि थांबतो. घरच्या संगणकांत यावर इनिटरॅमएफएसचा, म्हणजे कर्नलसोबत मेमरीत येणाऱ्या तात्पुरत्या फाइलसिस्टमचा उपाय असतो, कारण समोर कोणती डिस्क येईल हे तिथं आधी माहीत नसतं. आपल्या बोर्डावरची चिप न् चिप आपल्याला माहीत असताना हा वळसा कशाला? सरळ आत बांधावं.

एकटा कार्डाचा ड्रायव्हर आत घेऊनही भागत नाही. कार्डाला वीज देणारा रेग्युलेटर, क्लॉक, पिनांची जुळणी करणारा ड्रायव्हर, ही सगळी साखळी आत लागते. रेग्युलेटर बाहेर राहिला, तर कार्डाचा ड्रायव्हर त्याची वाट पाहत बसतो. कार्डाचा ड्रायव्हर तर आत आहे, मग अडलं कुठं, हे नवख्या इंजिनिअरला लवकर उमगत नाही.

बोर्ड अडकला तर त्याला रीसेट करणारा वॉचडॉगही मी आतच ठेवतो. बूटलोडरनं तो सुरू करून दिला आणि ड्रायव्हर उशिरा आला, तर मुदत संपते, बोर्ड रीसेट होतो आणि हेच चक्र चालू राहतं.

बोर्डाला नेटशी जोडणाऱ्या मोडेमचा ड्रायव्हर मात्र मॉड्यूलच हवा. ड्रायव्हर अडकला, तर तेवढाच काढून पुन्हा भरता येतो. मोटार चालवणारा प्रोग्राम बंद करावा लागत नाही. पुढच्या वर्षी बाजारात वेगळं डोंगल आलं, तरी बहुधा एका फाइलीवर काम निभावतं. अट एकच: मॉड्यूल त्याच कर्नलसाठी बांधलेलं हवं. कर्नल बदलला आणि मॉड्यूलं जुनीच राहिली, तर आवृत्ती जुळत नाही म्हणून कर्नल ती नाकारतो. दुरून अपडेट पाठवताना मी दोन्ही एकाच पुडक्यात पाठवतो, यात तडजोड नाही.

आत काय, बाहेर काय या प्रश्नाचं मला सर्वांत देखणं वाटणारं उत्तर शेजारच्या जुन्नर तालुक्यात, खोडदला आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. दुर्बिणीचा दर्जा वाढवताना ४०० मेगाहर्ट्झ रुंदीचे संकेत हाताळण्यासाठी १६ रोच बोर्ड घेतले. रोचवर एक मोठी एफपीजीए, म्हणजे आतली रचना हवी तशी बदलता येणारी चिप, आणि तिच्या सोबतीला लिनक्स चालवणारा पॉवरपीसी प्रोसेसर असतो. रोचसाठी बर्कलीत घडलेला बॉर्फ नावाचा सुधारित कर्नल होता. त्यात एफपीजीएची रचना साध्या प्रोग्रामसारखी सुरू करता येते आणि तिचे रजिस्टर फाइलींसारखे वाचता-लिहिता येतात. म्हणजे ड्रायव्हरच काय, हार्डवेअरसुद्धा मागाहून भरता येतं! पण ते भरण्याची सोय कर्नलमध्येच बांधलेली. रोच नेटवर्कवरूनही बूट होतो. तसा करायचा, तर रूट फाइलसिस्टम दूरच्या सर्व्हरवर असते. अशा वेळी इथरनेटचा ड्रायव्हर आत हवा, कारण तिथं कार्डाचं काम तारेकडे आलेलं असतं.

म्हणून कुणी आयती यादी मागितली, तर मी देत नाही. कार्डावरून उठणाऱ्या बोर्डाला इथरनेट बाहेर ठेवलेलं चालतं, नेटवर्कवरून उठणाऱ्याला कार्ड. आधी तुमचा बोर्ड कुठून उठतो ते सांगा, मग ठरवू.