घरांतला हेर

घरांत संगणक आला म्हणजे तो कोणा एकाचा राहत नाहीं. आमच्या अमरावतीच्या घरीं तो बैठकीच्या खोलींत बसला आहे, आणि त्यावर आठ माणसांचा हक्क चालतो. मुलांचा अभ्यास, बायकांच्या भिशीचा हिशेब, बंधूंना लागणारा शेताचा सातबारा, विजेचें बिल, सारें त्या एकाच पेटींत. ज्या दाराशीं इतक्या जणांचा राबता, तेथें कोण आलें आणि कोण गेलें हें पाहणारा मात्र कोणी नसतो.

आमचे काका सध्यां कुलवृत्तांत लिहीत आहेत. वय 81, उत्साह विशीचा. मराठी टंकलेखनासाठीं पूर्वीं गूगलचें एक साधन मिळत असे. तें कंपनीनें देणें बंद करून कैक वर्षें लोटलीं, तरी त्याच नांवानें तें फुकट वाटणारीं संकेतस्थळें पुष्कळ आहेत. काकांनीं त्यांपैकींच एकावरून तें घेतलें. अक्षरें उमटलीं खरीं, पण त्यांच्याबरोबर जाहिरातींचा पाऊस सुरू झाला, आणि 'आपल्या संगणकांत विषाणू सांपडले आहेत, त्वरित फोन करा' अशी लाल पाटी घटकेघटकेस झळकूं लागली. बैठकींत एकच घबराट उडाली. वास्तविक विषाणूची ती पाटी खोटी होती. खरा धोका त्या फोनांतच होता.

असले आगंतुक दार फोडून येत नाहींत. नवा प्रोग्राम बसवितांना 'पुढें', 'पुढें' अशीं बटनें आपण न वाचतां दाबीत जातों. त्यांतच एका कोपऱ्यांत त्यांच्या प्रवेशाला आपली संमति आधींच नोंदलेली असते. कांहीं नुसत्या जाहिराती दाखवितात. कांहीं मात्र निमूटपणें बसून कळफलकावर उमटणारें प्रत्येक अक्षर टिपतात आणि परक्याकडे धाडतात. आरडाओरडा करणारा पाहुणा एक वेळ परवडला. हा मुका पाहुणा भयंकर. आणि गंमत अशी कीं, काकांना हवी ती सोय घरांतच होती. विंडोज 10 मध्यें 2019 पासून मराठीचा उच्चारानुसारी कळफलक दिलेला आहे. भाषांच्या यादींत मराठी जोडून तिच्या पर्यायांत तो कळफलक निवडला कीं झालें.

पुतण्यानें अनोळखी प्रोग्राम व ब्राउझरला चिकटलेलीं उपांगें काढून टाकलीं, आणि विंडोजबरोबरच येणाऱ्या डिफेंडरकडून सबंध संगणक तपासून घेतला. केंद्र सरकारनें फेब्रुवारी 2017 मध्यें काढलेल्या सायबर स्वच्छता केंद्राकडूनहि अशीं साधनें विनामूल्य मिळतात. विंडोज 10 च्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या 14 ऑक्टोबर 2025 रोजीं थांबल्या, म्हणून पुढची आवृत्तीहि घेतली. पण खरा गुण आला तो निराळ्याच गोष्टीनें. प्रत्येकाचें खातें स्वतंत्र केलें, आणि नवा प्रोग्राम बसविण्याचा अधिकार एकाच खात्यास ठेविला. पंगतीला सगळे बसले तरी कोठीची किल्ली एकीच्याच कमरेला असते, तसें. काका थोडे रुसले.

परंतु हेर नेहमीं बाहेरूनच येतो असें नाहीं. दिवाळीनंतर आम्ही बडनेऱ्यास गाडी धरून अकोल्यास मामेबंधूंकडे गेलों होतों. जठारपेठेंतील त्यांच्या घरीं सून संगणकावर शिकवण्या घेते. दादा आम्हांस अभिमानानें सांगूं लागले, "दुकानदाराकडून एक प्रोग्राम घालून घेतला आहे. कोण काय लिहितें, कोणाशीं बोलतें, रोज संध्याकाळीं मला दिसतें. मुलें कॉलेजांत आहेत, काळ बरा नाहीं."

त्यांच्या मनांत पाप नव्हतें, काळजी होती. आम्हीं म्हटलें, "दादा, सुनेच्या बँकेचा परवलीचा शब्दहि त्यांत टिपला जात असेल, आणि तो प्रथम त्या कंपनीच्या कोठारांत जाऊन मग तुमच्याकडे येत असेल." फोनवर अशीच पाळत ठेवणाऱ्या स्पायफोन कंपनीस अमेरिकेच्या व्यापार आयोगानें 2021 सालीं त्या धंद्यास बंदी केली, चोरून जमविलेली माहिती तिनें धड सांभाळलीहि नव्हती. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा 24 ऑगस्ट 2017 चा निर्णयहि आम्हीं त्यांना सांगितला. "न्यायालय माजघरांत आणूं नका," दादा म्हणाले.

वहिनी मेथी निवडीत बसल्या होत्या. वर न पाहतांच त्या म्हणाल्या, "मी या घरांत आलें तेव्हांपासून माझ्या आईचें एकहि पत्र मला बंद मिळालें नाहीं. मामंजी फोडीत, वाचीत, मग आंत पाठवीत. त्यांच्याहि मनांत काळजीच होती."

दादा बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. संध्याकाळीं त्यांनीं स्वतःच तो प्रोग्राम काढावयास सांगितलें. असले प्रोग्राम दडून राहतात, म्हणून कामाचीं कागदपत्रें बाजूस काढून विंडोज नव्यानें बसविलें, आणि त्यानंतरच सर्व परवलीचे शब्द बदलले. सुनेपासून कांहीं लपवावयाचें नाहीं असें वहिनींनीं ठरविलें, आणि सर्व सांगितलेंहि. ती दोन दिवस सासऱ्यांशीं बोलली नाहीं. तिसऱ्या दिवशीं तिनें त्यांना त्यांचें वेगळें खातें उघडून दिलें, आणि ते परवलीचा शब्द घालूं लागले तेव्हां ती पाठ फिरवून उभी राहिली.