लाईन कोणाची?

आमच्या मौद्यात वीज जात नाही, लाईन जाते. "लाईन गेली", "लाईन आली", "आज लाईनच नाही बापा"... पुण्या-मुंबईची मंडळी हे पहिल्यांदा ऐकतात तेव्हा हसतात आणि विचारतात, कुठली लाईन, रेल्वेची? त्यांच्याकडे लाईट जाते, पुस्तकात वीज जाते, आमच्याकडे लाईन. तार आणि त्या तारेतून येणारी वस्तू, दोघींना आम्ही एकच नाव देऊन टाकलं. त्यात कोणाला कधी काही वावगं वाटलं नाही, कारण दोन्ही एकाच घरून यायच्या. ते घर म्हणजे 'मंडळ'.

नव्या मुलांसाठी सांगतो. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झालं. कोराडीला कोळसा जाळून वीज तयार करणारे तेच, ती मोठ्या मनोऱ्यांवरून आणणारे तेच, गावातल्या डीपीवर चढणारे तेच आणि बिल देऊन जाणारेही तेच. आमचे मोठेबाबा मंडळात लाइनमन होते. त्यांच्या हिशेबानं कोराडीचा इंजिनिअर आणि ते स्वतः एकाच कंपनीचे, फक्त एक जण ह्या टोकाला आणि दुसरा त्या टोकाला!

जून २००५ मध्ये हे एकत्र कुटुंब वाटण्या होऊन वेगळं झालं. केंद्राच्या २००३ च्या वीज कायद्यानं राज्यांना ते करायलाच लावलं होतं. महानिर्मिती वीज तयार करणार, महापारेषण ती वाहून नेणार, महावितरण घरोघरी देणार आणि वर एक सूत्रधारी कंपनी. मोठेबाबांना विचारलं की आता तुम्ही कोणाचे? तर म्हणाले, "मी खांबाचा." आजही आमच्याकडे दारात कोणी मीटर बघायला आलं की "एमएसईबीवाला आला" असंच म्हणतात. वाटण्या कागदावर झाल्या, जिभेवर नाही.

मग मौद्याला एनटीपीसी आली. ५०० मेगावॅटचे दोन संच २०१२-१३ च्या सुमारास सुरू झाले, पुढे ६६० चे दोन आले. एकूण २,३२० मेगावॅट. पाणी गोसीखुर्दचं, कोळसा रेल्वेनं येतो. पण तयार झालेली वीज प्रकल्पाच्या फाटकाबाहेर पडली की एनटीपीसीची राहत नाही. पूर्वी एनटीपीसीच्या स्वतःच्या पारेषण वाहिन्या होत्या. १९८९ साली त्यासाठी वेगळी सरकारी कंपनी काढली, १९९२ मध्ये तिचं नाव पॉवरग्रिड झालं आणि वाहिन्या तिच्याकडे गेल्या. त्या वाहिन्यांवरून मौद्याची वीज महाराष्ट्राला जाते, तशीच गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि गोव्यालाही जाते.

आता माझी आई. गेल्या उन्हाळ्यात वादळ आलं, कडुनिंबाची मोठी फांदी तारेवर पडली आणि आमच्या गल्लीची लाईन गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. दोन खांब वाकले होते, त्यामुळे वेळ लागणारच होता. लाइनमन पोरं रात्रभर पावसात राबली. पण आईनं फोनवर मला जो प्रश्न केला तो अजून डोक्यातून जात नाही.

"इतली मोठी चिमणी दिसते आपल्याले, अन् आपलीच लाईन जाते? मंग ते बनवून कोणाले देऊन राह्यले?"

मी सांगायचा प्रयत्न केला. आई, ती वीज चारशे केव्हीवर जाते, ती सरळ आपल्या घरात घेता येत नाही. ती बनवणारा वेगळा, नेणारा वेगळा, देणारा वेगळा. विहीर एकाची, पाट दुसऱ्याचा आणि बांधी तिसऱ्याची असं समज. धानवाल्या घरातली बाई आहे, तिला पटकन समजलं. म्हणाली, "मंग पाट फुटला त बोंबलाचं कोणापाशी?"

बघा, कायद्याची पुस्तकं जिथे पोचायला वेळ लावतात तिथे ही बाई एका वाक्यात पोचली!

ह्याच वेळी मोठेबाबांची नात आठवली. ती नेदरलँड्समध्ये राहते. तिकडे घर गरम ठेवायला, स्वयंपाकाला पाइपनं गॅस येतो. तिनं सांगितलं की काका, इथे गॅस विकणारा मी निवडते, पण पाइपवाला निवडता येत नाही, तो ज्या त्या भागाचा ठरलेला. बिल एकच, पण त्यात पाइपचे पैसे वेगळे दाखवलेले. घरगुती ग्राहकांना ही निवड तिथे जुलै २००४ मध्ये मिळाली. आणि गंमत म्हणजे 'गासुनी' नावाची त्यांची जी मोठी गॅस कंपनी होती, तिचीही जुलै २००५ मध्ये वाटणी झाली. पाइप एकीकडे आणि गॅसची खरेदी-विक्री दुसरीकडे. आपलं मंडळ जूनमध्ये, त्यांची कंपनी जुलैमध्ये!

हे युरोपभर चाललं होतं. १९९८, २००३ आणि २००९ अशा तीन टप्प्यांत युरोपीय संघानं नियम कडक करत नेले. त्यामागचा विचार साधा आहे. गावात एकच रस्ता आहे आणि त्या रस्त्याचा मालक स्वतः किराणा विकतो. तो दुसऱ्या दुकानदाराची गाडी रस्त्यावर येऊ देईल का? तोंडानं हो म्हणेल, पण रोज काहीतरी खोदकाम काढेल. म्हणून रस्ता त्याच्याकडून काढा, सगळ्या गाड्यांना एकच टोल लावा आणि मग दुकानदारांना आपसात लढू द्या.

ह्याचा फायदा पुतणीला प्रत्यक्ष दिसला. २०२१ च्या शेवटी गॅसचे भाव भडकले आणि ती ज्याच्याकडून गॅस घेत होती तो विक्रेता बुडाला. पण शेगडी एक मिनिटही विझली नाही! पाइप वेगळ्याचा होता, तो चालूच राहिला, आणि नियमाप्रमाणे तिचं खातं दुसऱ्या विक्रेत्याकडे गेलं. दर मात्र चांगलाच वाढला. म्हणजे दुकान बुडालं तरी रस्ता बुडत नाही, हे खरं. आणि रस्ता शाबूत असला तरी माल स्वस्तच मिळेल असं नाही, हेही तितकंच खरं.

आपल्याकडे असा प्रयोग मुंबईत झालाय. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं टाटा पॉवरला मुंबईत किरकोळ ग्राहकांना वीज विकायला मोकळीक दिली. २००९ पासून उपनगरातले ग्राहक तारा रिलायन्सच्या तशाच ठेवून वीज टाटांची घेऊ लागले. पण ह्यात एक गोम आहे. जास्त दर भरणारे मोठे ग्राहक निघून गेले, तर ज्यांचा दर त्यांच्या जिवावर कमी ठेवला होता त्यांचं काय? मग त्यावर क्रॉस-सबसिडी अधिभार आला.

आणि इथे मला मौदा दिसतो. एक मेगावॅट किंवा त्याहून जास्त वीज लागणाऱ्या कारखान्याला 'ओपन अ‍ॅक्सेस'नं कुठूनही वीज आणता येते. हरित विजेसाठी २०२२ च्या नियमांनी ही मर्यादा १०० किलोवॅटवर आणली. माझ्या आईकडे एक फ्रिज, दोन पंखे आणि एक टिल्लू पंप. तिला निवड नाही. तिच्या वाट्याला ह्या सगळ्या सुधारणेतून आली ती बिलावरची 'वहन आकार' नावाची ओळ. शेजारच्या काकूंना तर वाटलं की हा गाडीचाच काहीतरी टॅक्स आहे!

मी वाटण्यांच्या विरोधात नाही. एकत्र होतं तेव्हा तोटा कुठे होतो, चोरी कुठे होते, पैसा कुठे मुरतो, हे कळायची सोयच नव्हती. एकच मडकं, त्यात सगळ्यांचा हात. आता निदान कोणाचं किती ते कागदावर वेगळं दिसतं. पण आता गोष्ट पुढे चालली आहे. एकाच तारेवर अनेक विक्रेते आणणारं विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये लोकसभेत आलं आणि स्थायी समितीकडे गेलं. त्याच दिशेचा नवा मसुदा २०२५ मध्ये पुन्हा निघाला. मधे जानेवारी २०२३ मध्ये समांतर परवान्याच्या विरोधात राज्यातले वीज कर्मचारी संपावर गेले होते, तो संप त्याच दिवशी चर्चेनंतर मिटला.

माझं म्हणणं एवढंच आहे की दुकानं किती येणार ह्यावर सगळे भांडतात, पण शेवटचा खांब कोण सांभाळणार आणि त्याचे पैसे कोण देणार, ह्यावर फार कमी लोक बोलतात. दहा विक्रेते शहरात जातील. फांदी मात्र आमच्याच गल्लीत पडणार, आणि तिथे वर चढणारा माणूस एकाच कंपनीचा असणार. त्या माणसाच्या पगाराची, शिडीची, हातमोज्यांची सोय 'वहन आकारा'त नीट झाली नाही, तर वरची सगळी निवड म्हणजे नुसता देखावा. आईचा प्रश्न तोच होता. पाट फुटला तर बोंबलायचं कोणापाशी, हे आधी ठरवा, मग विहिरी हव्या तेवढ्या खोदा.

असो. वीज कंपन्यांत काम केलेले बरेच जण इथे वाचतात, आणि घरातलेही काही जण त्यातले आहेत. मोठेबाबा तर नक्की वाचतील, नातू वाचून दाखवतो त्यांना. तुमचा अनुभव जरूर सांगा. विशेषतः ज्यांनी खांबावरून हे सगळं बघितलंय त्यांनी.