समासातल्या खुणा

माझा आक्षेप संगीताला आहे, असं तालमी सुरू होण्याआधी मी सगळ्यांना सांगत होते. स्वतःलाही तेच सांगत होते.

मी मूळची सांगलीची. तिथल्या एका शाळेत बरीच वर्षं संगीत शिकवलं. निवृत्तीनंतर मुलाकडे अमेरिकेत आले. विद्यापीठाच्या आधारावर उभं असलेलं हे छोटं गाव. इथल्या समूहगायनाच्या गटात गेले, तिथे पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकले आणि त्याच ओळखीतून विद्यापीठाच्या ऑपेरा विभागात सुपरटायटलचं काम माझ्याकडे आलं. रंगमंचाच्या वरच्या पट्टीवर गाण्याचे शब्द उमटतात, ते दाखवण्याचं हे काम. मांडीवर स्वरलिपीचं पुस्तक असतं, त्यात प्रत्येक ओळीपाशी पेन्सिलीने आकडा घातलेला असतो आणि ती जागा आली की कळ दाबायची. कळ गायकाच्या आधी दाबली तर विनोद गाण्याआधीच वाचून होतो आणि लोक भलत्याच जागी हसतात. उशीर झाला तर कळवळा वाया जातो. पैसे मिळत नाहीत, पण गाणं इतकं आतून ऐकायला मिळतं की मला ते काम फार प्रिय आहे. मोत्सार्ट, पुचिनी मी असेच शिकले.

मग एका हंगामासाठी विभागाने ‘अ‍ॅज वन’ निवडला. लॉरा कामिन्स्की यांचं संगीत, मार्क कॅम्बेल आणि किंबर्ली रीड यांची संहिता. पहिला प्रयोग २०१४ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये झाला. दोन गायक, दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो आणि संचालक. सव्वा तासाचं काम. कोरस नाही, मोठा वाद्यवृंद नाही, राजवाडे नाहीत. विद्यापीठांना असे चेंबर ऑपेरा परवडतात. गेल्या काही वर्षांत अमेरिकेत ज्या नव्या ऑपेरांचे प्रयोग सर्वाधिक झाले, त्यांत हा आहे. आमच्या विभागात गायक जास्त आणि भूमिका दोनच, म्हणून दोन जोड्या ठरल्या आणि प्रयोगांची वाटणी झाली.

गोष्ट हॅनाची. जगाने मुलगा म्हणून वाढवलेली, पुढे स्त्री म्हणून जगू लागलेली हॅना. तिला दोघं मिळून गातात: आधीची हॅना बॅरिटोन, म्हणजे पुरुषाचा भारदस्त आवाज, आणि नंतरची हॅना मेझो-सोप्रानो, म्हणजे स्त्रीचा मधल्या पट्टीचा आवाज. दोघं जवळजवळ सगळा वेळ रंगमंचावर असतात. संहितेच्या दोन लेखकांपैकी किंबर्ली रीड स्वतः पारलिंगी आहेत. मोंटानातल्या हेलेना गावी त्या शाळेच्या फुटबॉल संघाच्या क्वार्टरबॅक होत्या. पुढे स्त्री म्हणून आपल्या गावी परतण्यावर त्यांनी ‘प्रॉडिगल सन्स’ हा माहितीपट केला.

मी म्हणायला लागले की यात चाल नाही. या वयात मुलांचा आवाज मोत्सार्टवर घडतो, त्यांना असलं काय देता? पियानोवर साथ करणाऱ्या बाईंना मी हे दोनदा ऐकवलं. त्यांनी शांतपणे विचारलं, “आणि मागच्या वर्षीचं ब्रिटन?” मला उत्तर देता आलं नाही. मागच्या वर्षी आम्ही बेंजामिन ब्रिटन यांचा ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ केला होता. १९५४ मधला तो चेंबर ऑपेरा, वाद्यं तेरा, आणि त्याची मूळ धून सप्तकातले बाराही स्वर घेऊन बांधलेली. त्याच्यापुढे कामिन्स्कींचं संगीत कितीतरी सोपं. ब्रिटन मी तल्लीन होऊन ऐकला होता. भुतांची गोष्ट मला चालली. हॅनाची गोष्ट चालत नव्हती. संगीताचा आक्षेप मी पुढे केला, कारण तो सुसंस्कृत दिसत होता.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवते. ती ठेवताना मला लाज वाटते. माझं घर नाटकवेडं. आजीने बालगंधर्वांना ‘स्वयंवर’मध्ये रुक्मिणी म्हणून आणि ‘एकच प्याला’त सिंधू म्हणून पाहिलं होतं. त्यांचं नेसणं, त्यांचा पदर, केसांत फुलं माळायची त्यांची रीत बायका उचलत, हे ती अभिमानाने सांगायची आणि मीही ते शाळेत मुलांना तितक्याच अभिमानाने सांगितलं. पुरुषाने स्त्री होणं मला कधीच विचित्र वाटलं नव्हतं. युरोपातही याला तोटा नाही. हेंडेलच्या १७२४ मधल्या ऑपेरात ज्युलियस सीझर सेनेझिनो या कास्त्रातो, म्हणजे लहानपणीच खच्ची केलेल्या, गायकाने उंच आवाजात गायला होता. मोत्सार्टचा केरुबिनो हा पोरसवदा मुलगा, त्याला गाते बाई, आणि तो मुलगा नाटकात पुन्हा मुलीचे कपडे घालतो. श्ट्राउसच्या ‘रोझेनकावलियर’मधला तरुण सरदार ऑक्टेव्हियनही बाईच गाते, तो ऑपेरा आणि बालगंधर्वांची भामिनी असलेलं ‘मानापमान’, दोन्ही १९११ च्या पहिल्या तिमाहीत रंगमंचावर आले. आमच्या विभागातल्या मेझो मुली या भूमिका नित्यनेमाने शिकतात आणि मी त्यांचे शब्द पडद्यावर दाखवते. मग हॅनापाशी मी का अडले?

मला वाटतं, माझ्या मनात एक अट होती आणि ती कधी तपासून बघायची वेळ माझ्यावर आली नव्हती. पडदा पडला की रंग पुसला जाईल, नऊवारी घडी होऊन पेटीत जाईल आणि आतला पुरुष पुरुष म्हणून घरी जाईल, ही ती अट. बालगंधर्व ती पाळत, केरुबिनोही पाळतो. हॅना ती मोडते.

तालमीला बसताना मी पुस्तकात खुणा करते. कोण गातं हे पटकन दिसावं म्हणून बॅरिटोनच्या ओळीशेजारी समासात मी मराठीत ‘मुलगा’ लिहिलं आणि मेझोच्या शेजारी ‘मुलगी’. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत. दोघं एकदम गातात तिथे पडद्यावर ओळी वेगवेगळ्या रंगांत दाखवू, असंही मी सुचवलं. दिग्दर्शिका म्हणाल्या, “नको, एकच रंग. ती एकच आहे.” मी मान डोलावली. तांत्रिक सोय म्हणून ते स्वीकारलं आणि समासातल्या खुणा तशाच ठेवल्या. त्या इथे कुणाला वाचता येणार नव्हत्या.

माझ्या या ठामपणाला तडा गेला तो ‘कर्सिव्ह’ नावाच्या गाण्याच्या तालमीत. अजून तंतुवाद्यं आलेली नव्हती, फक्त पियानो. जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्यांनी रंगमंचाची आखणी केलेली. शाळेतलं लहान मूल, वळणदार अक्षराची त्याला वाटणारी ओढ, आणि मुलग्यांनी असं अक्षर काढायचं नसतं ही समज, असा तो प्रसंग. गाणारा विद्यार्थी सहा फुटी, रुंद खांद्यांचा. पहिल्यांदा त्याने ते नाजूक करून गायलं. आवाज बारीक केला, मनगट मुरडलं, मान किंचित तिरकी. मला ते आवडलं. हात कुठवर जावा, नजर केव्हा झुकावी हे मी ओळखते. माझ्या परंपरेत ती मोठी कला आहे. त्याला जमतंय, असं मी मनात म्हटलं.

दिग्दर्शिकेने त्याला थांबवलं. तू कुणाची नक्कल करतो आहेस, असं विचारलं. तो गोंधळला. त्या म्हणाल्या, “हॅनाला मुलीसारखं दिसायची गरज नाही. ती आहेच. तुझ्या पूर्ण आवाजात गा. हा तिचाच आवाज आहे.”

त्याने पुन्हा गायलं. हात दोन्ही बाजूंना सोडलेले, पाय रोवलेले, आवाज छातीतून मोकळा, भरदार. मला समोर एक लहान मुलगी दिसली. मी ज्या ज्या गोष्टींवरून स्त्री ओळखत आले, मनगट, मान, पदर, आवाजाची पट्टी, त्यांतली एकही तिथे नव्हती. ती मुलगी कुणाची भूमिका करत नव्हती, आणि पडदा पडल्यावर उतरवायचं असं तिच्या अंगावर काही नव्हतं. माझी पेन्सिल त्याच ओळीपाशी होती, समासात मी लिहिलेला ‘मुलगा’ होता. गाणं पुढे गेलं, माझे आकडे चुकले, पुढचं पान उलटायचं राहिलं. पियानोवाल्या बाई वळून बघायला लागल्या.

माझ्यापुढे तेव्हा शाळेतला एक मुलगा येऊन उभा राहिला होता. स्नेहसंमेलनात मी ‘सौभद्र’मधला प्रवेश बसवला होता, मुलांच्या शाळेत अर्थात मुलंच सगळ्या भूमिका करत. सुभद्रेसाठी मी त्याला निवडलं, त्याला नऊवारी मीच नेसवली. शिकवावं असं फारसं काही नव्हतंच, पदर सावरणं त्याला आपसूक येत होतं. टाळ्या इतक्या पडल्या की मुख्याध्यापकांनी माझंही कौतुक केलं. सुट्टीनंतर शाळा भरली, तो वर्गात आला, तसाच चालत. मुलं खुसखुसली. मी म्हणाले, “नाटक संपलं. आता नीट चाल.” सगळा वर्ग हसला आणि मी त्या हसण्याला थांबवलं नाही. त्यानंतर तो खिशात हात घालून ताठ चालायला लागला. मला वाटलं, सुधारला.

त्याची लकब मला रंगमंचावर हवी होती, वर्गात तोच मुलगा मला नको होता. त्याच्या जिवावर टाळ्या घेतल्या आणि शाळा पुन्हा भरताच त्याला शिक्षा केली, हे मी केलं. तो पारलिंगी होता का, मला माहीत नाही. नसेलही. त्याच्यापुढे आता नवा शब्द लिहायचा हक्क मला नाही. तो जसा चालत होता तसा त्याला चालू द्यायचं, एवढंच माझं काम होतं.

त्या संध्याकाळी घरी बसून मी समासातल्या खुणा पुसल्या. वेळ लागला. कागद काही ठिकाणी खरवडला गेला.

पुढचं शिकणं हळूहळू झालं. मी समजत होते की औषधोपचारांनी आवाजही बदलून मिळत असेल. तसं होत नाही. वयात येताना स्वररज्जू एकदा जाड झाले की स्त्री-संप्रेरकं घेऊन ते पुन्हा बारीक होत नाहीत. पारलिंगी स्त्रीचा खर्ज तिच्याजवळच राहतो. ल्युसिया लुकस या पारलिंगी बॅरिटोन गायिकेने २०१९ मध्ये टल्सा ऑपेरात ‘डॉन जोव्हानी’ गायला. स्त्रीचा आवाज म्हटल्यावर माझ्या कानांना जे ऐकायची सवय होती, त्यात हा आवाज कुठेच नव्हता. आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला तोही २०१४ मध्येच, एप्रिलात. ती बातमी मी तेव्हा वाचली होती. वाचून पान उलटलं होतं.

चौघं वादक आले आणि गायक पहिल्यांदा त्यांच्यासोबत बसून गायले त्या दिवशी मला ऐकू आलं की ‘चाल नाही’ म्हणताना मी किती कमी ऐकलं होतं. बॅरिटोनच्या वरच्या जागा आणि मेझोच्या खालच्या जागा एकमेकांवर येतात. तिथे कामिन्स्की दोघांना जवळ आणतात आणि काही क्षण कुठला स्वर कुणाचा हे डोळे मिटून सांगता येत नाही. समासात खुणा असत्या तर मी ते ऐकलं नसतं, वाचलं असतं. हॅनावर हल्ला होतो तो प्रसंग मला सगळ्या तालमींत अवघड गेला. शेवटी हॅना नॉर्वेला जाते, तो शेवट मात्र मला आजही घाईचा वाटतो, इतक्या वर्षांच्या कोंडीला निसर्गाने लवकर उत्तर दिल्यासारखा. मत बदललं म्हणून कलाकृतीचं सगळंच पटलं पाहिजे असं मला वाटत नाही.

आणि मी पूर्ण बदलले, असंही लिहू शकत नाही. प्रयोगानंतर चहापानाला एक पारलिंगी बाई माझ्याशी बोलायला आल्या, शब्द नीट वेळेवर येत होते म्हणून आभार मानायला. मी त्यांच्या आवाजाकडे जास्त आणि बोलण्याकडे कमी लक्ष देत होते. ते त्यांना कळलं असणार. घरी आल्यावर त्यांनी काय सांगितलं ते मला धड आठवेना.

मध्यंतरी सांगलीला फोन केला. माझ्याबरोबर त्याच शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईंना हे सगळं सांगितलं, वर्गात मी काय बोलले तेही. त्या जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “अगं, पण तेवढंच नाही. पुढच्या वर्षी तो तुझ्याकडे आला होता ना, नाटकात घ्याल का विचारायला. मी तिथेच होते. तू म्हणालीस, आता मोठा झालास, पुरुषाची भूमिका असेल तर ये.”

मला हे आठवत नाही. त्या बाई मात्र कधी वाढवून सांगत नाहीत.