घाटमाथ्यावरची वस्ती

मालवणच्या किनाऱ्यावरून पूर्वेकडे सह्याद्रीची निळी भिंत दिसते. त्या भिंतीवर, सुमारे 690 मीटर उंचीवर, सावंतवाडी तालुक्यातील आंबोली वसली आहे. शेजारी चौकुळ आणि गेळे. आंबोली घाटरस्त्यावर असल्याने पर्यटकांना ठाऊक आहे, पण तिच्या आसपासच्या रानातले धनगरवाडे फार कोणाला माहीत नसतात.

इथे वर्षाला 7000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, मालवणच्या दुपटीहून जास्त. जून ते सप्टेंबर धुके हलत नाही. त्यामुळे या चार महिन्यांची बेगमी मे अखेरीस व्हावीच लागते: सरपण, नाचणी, मीठ, गुरांचे सुके गवत. ओले कपडे आणि घोंगडी चुलीच्या धगीवर वाळतात. धुराचा वास अंगाला कायमचा चिकटतो. जांभ्याच्या सड्यावर माती जेमतेम वीतभर, म्हणून भाताइतकाच भर नाचणी-वरीवर. उभ्या पिकात गवे शिरले, की वर्षाची मेहनत एका रात्रीत जाते.

दूध हा गवळी धनगरांचा जुना आधार. पण वाड्यांपर्यंत रस्ता नसेल, तर ते विकायलाही पायवाट तुडवावी लागते. आजाऱ्याला डोलीत घालून खाली आणतात, हे आजही घडते आणि ते अक्षम्य आहे.

जमिनीचा प्रश्न तर पिढ्यांचा. सावंतवाडी संस्थानाच्या काळापासून आंबोली, चौकुळ आणि गेळे या तीन गावांची जमीन कबुलायतदार गावकर पद्धतीने सामाईक होती. पुढे सातबारावर महाराष्ट्र शासनाचे नाव लागले. कसणाऱ्याच्या नावावर जमीन नसल्याने पीककर्ज आणि घरबांधणीची मदत मिळवतानाही अडचण येत आली आहे.