बर्फानंतरची उघडीप

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला उघडीप ही निघायची खूण वाटते. चार दिवस झोडपणारा पाऊस थांबला, ढग कड्याच्या वर सरकले, की आपण सॅक भरतो. मीही तशीच वाढले. हिवाळ्यात हिमालयात गट न्यायला लागले, तेव्हा सगळ्यात आधी हीच सवय मोडावी लागली.

गुलमर्गला दर मोसमात हा प्रसंग येतो. भूमध्य समुद्राकडून आलेला पश्चिमी विक्षोभ दोन-तीन दिवस बर्फ ओतून पुढे सरकतो आणि सकाळी डोळे दिपवणारं निळं आकाश उघडतं. गंडोला, म्हणजे केबलकार, अफरवाट शिखराच्या खांद्यावर सुमारे ४,००० मीटरपर्यंत नेऊन सोडतो. तिथून स्कीसाठी आखलेली हद्द ओलांडली की कुणाचंही पाऊल न पडलेले उतार. "हवा तर साफ आहे, मग थांबायचं कशाला?" असं गटातलं कुणीतरी विचारतंच. अशा वेळी मी सुरक्षित जागी फावडं काढते आणि बर्फात खड्डा खणते.

खड्ड्याच्या भिंतीत अख्खा मोसम थराथराने दिसतो. बर्फ उथळ असताना खालून जमिनीची ऊब आणि वरून कडक थंडी, यामुळे बर्फातली वाफ वर सरकत राहते. त्यातून तळाशी साखरेसारखे सुटे दाणे तयार होतात. मुठीत दाबले तरी त्यांचा गोळा होत नाही. त्यावर वादळातला नवा बर्फ पडतो आणि वारा त्याला ठोकून त्याची लादी करतो. साखरेवर ठेवलेली लादी, असं हे बांधकाम. माणसाचा भार पडला की दाणे ढासळतात, तडा क्षणात दूरवर धावतो आणि उताराचा उतार सुटतो. लादीच्या हिमस्खलनात सापडलेल्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत ती लादी त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या सोबत्याने मोडलेली असते.

हे घडतं प्रामुख्याने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर. घरातला जिना साधारण त्याच चढाचा असतो, आणि स्कीला मजाही त्याच उतारावर येते. वारा धारेच्या एका बाजूचा बर्फ उचलून आडोशाच्या बाजूला टाकतो, त्यामुळे तिथला थर आकाशातून पडलेल्या बर्फाच्या कितीतरी पट वाढतो. बर्फ थांबल्यानंतरचे पहिले एक-दोन दिवस सर्वांत नाजूक. उन्हाने वरचा थर तापला की धोका आणखी वाढतो. तळाशी साखर असेल तर तो आठवडे टिकतो.

डोंगर इशारे देतो. शेजारच्या तशाच उताराचं ताजं स्खलन, पावलापासून पळत जाणारी भेग, पायाखाली 'धप्प' असा खोल आवाज. एकदा तो आवाज ऐकून मी गट मागे वळवला. सगळे नाराज झाले. दोन दिवसांनी पाहिलं, तर उतार जागच्या जागी होता. तरीही माझा निर्णय बरोबरच होता, असं मी आजही मानते. न घसरलेला उतार माणसाला चुकीचं शिकवतो. दहा वेळा निभावलं म्हणून अकराव्यांदा पाऊल टाकलं जातं.

अनुभवाचंही कवच होत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा-२ वर उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेच्या गटावर हिमस्खलन कोसळलं आणि २९ जण गेले. त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू सर केलेली प्रशिक्षक सविता कंसवाल त्यांत होती. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथजवळ माणा इथे सीमा रस्ते संघटनेचे ५४ कामगार बर्फाखाली सापडले. ४६ जण वाचले, आठ जण दगावले. ते कुठल्याही उतारावर चढले नव्हते, आपल्या तळावरच होते. स्खलन वरून येऊन सपाटीवरच्या माणसालाही गाठतं.

गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर वाचण्याची शक्यता मोठी असते. अर्ध्या तासानंतर ती झपाट्याने घसरलेली असते. थांबलेला बर्फ घट्ट बसतो, हात हलवता येत नाही, श्वासाची हवा संपत जाते. बाहेरची मदत एवढ्या वेळात पोहोचणं कठीण, म्हणून सोबतीच तुमचं बचाव पथक. प्रत्येकाकडे गाडल्या गेलेल्याचा माग देणारा ट्रान्सिव्हर, शोधकाठी आणि फावडं हवं, आणि ते वापरण्याचा सरावही हवा.

आपल्याकडून आता शेकडो तरुण हिवाळी ट्रेकला हिमाचल-उत्तराखंडात जातात. त्यांच्याकडे माझं एक मागणं आहे. आयोजकाला विचारा, हिमस्खलनाचा इशारा रोज कोण पाहतं आणि मागे फिरायचं कोण ठरवतं. आणि परतीचं तिकीट काढताना दोन दिवस मोकळे ठेवा. ताज्या बर्फानंतर डोंगराला स्थिर व्हायला निदान तेवढे तरी द्यावेच लागतात.